दाराच्या गुंड्या

आमच्या दारात उभी असते ती मारुती ओम्नी १९९९ सालची. कागदावर ती माझ्या सासऱ्यांची आहे, चालवतो मी. रंग एके काळी पांढरा होता. गल्लीतली पोरं तिला 'किडनॅपिंगची गाडी' म्हणतात. हिंदी सिनेमात कुणाला पळवून न्यायचं असलं की सरकत्या दाराची ओम्नीच लागायची, त्यावरून. मारुतीनं ही व्हॅन १९८४ मध्ये रस्त्यावर आणली आणि २०१९ मध्ये बंद केली. या पस्तीस वर्षांत तिनं काय काय वाहिलं म्हणाल तर शाळेची मुलं, भाजीची पोती, लग्नाचा आहेर आणि दवाखान्याला न्यायची माणसं. आमच्या गाडीनं यातलं सगळं केलंय.

२०२४ च्या जूनमध्ये तिच्या नोंदणीची मुदत संपत होती. खाजगी गाडीला पहिली पंधरा वर्षं मिळतात, त्यानंतर दर पाच वर्षांनी ती आरटीओत दाखवून नूतनीकरण करून घ्यावं लागतं. २०१४ ला केलं, २०१९ ला केलं. २०२२ पासून त्याची फी पाच हजार झालेली. मेहुणा बंगळूरहून फोनवर म्हणाला, "भावजी, मोडीत घालूया की आता. पाच हजार फी, वर दुरुस्ती, कशाला लागतंय?" हिशेब त्याचा बरोबर होता. डाव्या बाजूच्या पुढच्या दाराचा खालचा पत्रा गंजून पोपडे धरला होता. दाराच्या आतल्या अंगाला जे पॅड असतं, म्हणजे हार्डबोर्डवर रेक्झिन चढवलेलं आवरण, ते निम्मं सुटून लोंबत होतं. तिसऱ्या रेल्वे गेटाजवळच्या खड्ड्यांत गाडी गेली की ते पॅड टाळ्या वाजवायचं.

मामा यावर काही बोलले नाहीत. फक्त गाडीची किल्ली खिळ्यावरून काढून त्यांनी उशीखाली ठेवली आणि दोन दिवस कुणाला दिली नाही.

सासऱ्यांना मी मामा म्हणतो. कन्नडात माव, आमच्यात मामा. लग्न ठरलं तेव्हा दोन्ही घरांत बऱ्याच गोष्टींवर खल झाला, या शब्दावर मात्र कुणाला काही शिकावं लागलं नाही. मामा मूळचे बैलहोंगल तालुक्यातले. तरुणपणी बेळगावला आले आणि उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत पॅटर्नमेकर झाले. ओतकामाआधी वस्तूचा जो लाकडी साचा करावा लागतो, तो करणारा माणूस म्हणजे पॅटर्नमेकर. शेजारच्या बाकांवर काम करणारे येळ्ळूरचे, कंग्राळीचे. त्यांच्या संगतीत मामा मराठी शिकले, तेही असं की फोनवर ऐकणाऱ्याला शंका येऊ नये. २००६ मध्ये आमचं लग्न झालं. तेव्हापासून ते माझ्याशी मराठीतच बोलायचे, मला 'जावईबापू' म्हणायचे. माझं शिक्षण मराठी माध्यमातलं. कन्नड शाळेत विषय म्हणून होतं, त्यात मी कसाबसा काठावर सुटलेला. दुकानावरच्या पाट्या वाचता येतात, बसवर कुठलं गाव लिहिलंय ते कळतं. बोलायची वेळ आली की बायको असायची, नाहीतर मामाच मराठीत यायचे.

जानेवारी २०२३ मध्ये मामांना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला आणि वाचा गेली. डॉक्टरांनी कागदावर डोक्याचं चित्र काढून समजावलं, की बहुतेकांची भाषा मेंदूच्या डाव्या भागात असते आणि शरीराची उजवी बाजूही तोच भाग चालवतो, म्हणून दोन्ही एकदम जातं. तीन महिन्यांनी शब्द परत येऊ लागले. पण आले ते कन्नड. मराठी आलंच नाही. दोन भाषा असलेल्या माणसाच्या दोन्ही भाषा सारख्याच परत येतील असं नसतं, हेही तेव्हाच कळलं. मी मराठीत काही विचारलं की मामा माझ्या तोंडाकडे बघत राहायचे. शब्द ओळखीचा आहे पण कुठे भेटला ते आठवत नाही, असं काहीतरी. मग चिडायचे. शेवटी हीच म्हणाली, "री, अप्पांशी मराठीत बोलू नका. त्यांना त्रास होतो."

मी बोलायचं बंद केलं. मराठीत नको, कन्नड येत नाही, राहिलं काय? सकाळी कॉलेजला जाताना हात वर करायचा, संध्याकाळी आलो की पुन्हा वर करायचा. वर्ष-सव्वा वर्ष आमचं इतकंच चाललं. एकदा ही रागानं म्हणाली, "सतरा वर्षं अप्पा तुमच्यासाठी मराठी बोलले. तुम्ही त्यांच्यासाठी सतरा शब्द शिकला नाहीत." मला उत्तर सुचलं नाही.

आता त्या दाराबद्दल. ते दार बिघडायला कारण मीच. २००९ मध्ये मला गाडीत स्पीकर बसवायची हौस आली. शहरातल्याच एका दुकानात गाडी दिली. त्या पोरानं पॅडच्या कडेला मोठा स्क्रू ड्रायव्हर घालून असं उचकटलं, की निम्म्या क्लिपा जागेवर तुटल्या. मग त्यानं चार काळे स्क्रू थेट पॅडमधून पत्र्यात पिळले आणि म्हणाला, "आता हलणार नाही, सर." मामांनी संध्याकाळी दार उघडून पाहिलं, बंद केलं आणि म्हणाले, "गाणी ऐकायला दार फोडावं लागतं होय, जावईबापू?" एवढंच. स्पीकर दोन वर्षांत मेले. स्क्रू राहिले.

मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात, परीक्षेचे पेपर तपासून मोकळा झाल्यावर, मी ठरवलं की निदान दार तरी उघडून बघू. पत्रा फारच गेला असेल तर मेहुण्याचं ऐकायचं. खरं सांगायचं तर माझाही कल तिकडेच होता. मामांना खुर्ची टाकून व्हरांड्यात बसवलं होतं. मी सरळ स्क्रू ड्रायव्हर घेतला आणि पॅडच्या खालच्या कोपऱ्यात घातला. टक् झालं आणि एक क्लिप मोडली. दुसरी मोडली. तेवढ्यात मागून काठी फरशीवर आपटली.

"ब्याड!"

मामा उठायचा प्रयत्न करत होते. त्यांना धरून गाडीजवळ आणलं. डाव्या हातानं ते घराकडे दाखवू लागले, पुन्हा पुन्हा. पाणी हवंय? नको. औषध? नको. शेवटी लेकीनं ओळखलं आणि पलंगाखालची त्यांची पत्र्याची पेटी ओढत आणली. त्यातून त्यांनी एक हत्यार काढलं. वीतभर पोलादी पट्टी, पुढे कानशीनं घासून केलेली इंग्रजी 'व्ही'सारखी खाच, मान किंचित वर वाकवलेली, आणि रंगाला ओरखडा जाऊ नये म्हणून टोकाला काळी इन्सुलेशन टेप गुंडाळलेली. बाजारात हल्ली प्लॅस्टिकचा असा संच मिळतो. हे त्यांनी स्वतः केलेलं, कधी ते मला माहीत नाही.

"गुंडी," ते म्हणाले. मग पट्टीच्या खाचेवर बोट ठेवून, "कुत्तिगी."

आपल्याकडे शर्टाचं बटण म्हणजे गुंडी, कन्नडातही गुंडी. तेवढं मला कळलं. क्लिपेला ते गुंडी म्हणत होते. कुत्तिगी म्हणजे मान, हे त्यांनी माझ्याच मानेला हात लावून सांगितलं.

या क्लिपेची रचना समजून घेतली की पुढचं सगळं सोपं जातं. तिला एक चपटं डोकं असतं, ते हार्डबोर्डच्या मागच्या बाजूला किल्लीच्या भोकासारख्या खाचेत सरकवलेलं असतं. डोक्याखाली बारीक मान. मानेखाली दांडा, आणि दांड्याला बाणाच्या टोकासारखे पंख. दांडा पत्र्याच्या भोकात दाबला की पंख मिटून आत जातात आणि पलीकडे गेल्यावर फुलतात. ओढलं की पंख अडतात. म्हणून पॅडची कड धरून ओढणं किंवा लांबून उचकटणं चुकीचं. त्यानं एकतर हार्डबोर्डची खाच फाटते नाहीतर डोकं तुटून दांडा भोकात राहतो. पट्टी पॅड आणि पत्रा यांच्या फटीत घालून, क्लिप जिथे असेल तिथपर्यंत चाचपत न्यायची, खाचेत तिची मान धरायची आणि मग अगदी जवळून, सरळ रेषेत वर उचलायची. जोर डोक्याखाली लागतो, पंख हळूहळू मिटतात आणि क्लिप अखंड बाहेर येते. जुनं प्लॅस्टिक पंचवीस उन्हाळे खाऊन ठिसूळ झालेलं असतं, त्यामुळे सगळ्या वाचत नाहीत. पण वाचतात.

हे सगळं मी आता मराठीत लिहितोय. त्या दिवशी मला ते चार शब्दांत शिकवलं गेलं. "केळग", म्हणजे खालून सुरू कर. "कुत्तिगी." "इन्नू स्वल्प." आणि "सावकाश." हा शब्द ऐकून मी थांबलोच. मामा मराठी बोलले असं वाटलं मला. ही आतून म्हणाली, "कन्नडच आहे हो ते. आमच्यात पण सावकाशच म्हणतात."

क्लिपा काढायच्या आधी काच वर-खाली करायचं हँडल काढावं लागतं, नाहीतर पॅड सुटतच नाही. त्याला बाहेरून स्क्रू दिसत नाही. मी उलटसुलट फिरवून पाहिलं, हिसकलं. मामांनी काठीनं माझ्या पोटरीला हलकेच टोचलं आणि खांद्यावरचा टॉवेल काढला. एक टोक स्वतःच्या डाव्या हातात धरलं, दुसरं माझ्याकडे टाकलं. मला वाटलं घाम पुसायला सांगताहेत, मी तोंड पुसलं. लेक हसायला लागली. मामाही हसले, तोंडाच्या एका बाजूनं. मग त्यांनी टॉवेल हँडल आणि पॅड यांच्या मध्ये घालायची खूण केली. तो तसा अडकवून आम्ही दोघांनी आळीपाळीनं ओढायला सुरुवात केली. ताक घुसळतात तसं. हँडलच्या मागे इंग्रजी 'सी'च्या आकाराची तारेची स्प्रिंग असते. कापड तिच्या टोकांत अडकतं आणि तिला बाहेर ढकलतं. पाच-सहा वेळा ओढल्यावर ती टणकन उडाली. हँडल हातात आलं. स्प्रिंग शोधायला अर्धा तास गेला, ती दारातल्या रांगोळीत सापडली. तुम्ही कधी हे कराल तर दुसऱ्या कापडानं खालची बाजू झाकून घ्या.

पॅड निघालं. अकरा भोकं. चारांत त्या दुकानदाराचे गंजके स्क्रू, दोन मोकळी, पाचांत मूळच्या क्लिपा. त्यातल्या दोन मी मोडलेल्या, तीन मामांच्या पट्टीनं अखंड निघालेल्या. त्या तीन त्यांनी हातात घेतल्या, नखानं पंख दाबून पाहिले आणि एक टाकून दिली.

अशा लेखांत दाराच्या आत एखादं जुनं पत्र वगैरे सापडतं. आम्हाला चिखल सापडला. त्यात कडुनिंबाची पानं आणि लेकीनं लहानपणी काचेच्या फटीतून आत टाकलेले चॉकलेटचे कागद. पण त्या चिखलानंच दार खाल्लं होतं. काचेच्या फटीतून पावसाचं पाणी दारात शिरतं, ते शिरणारच असतं. गाडी करणाऱ्यांनी ते धरूनच चाललेलं असतं, म्हणून दाराच्या तळाला पाणी जायला भोकं ठेवलेली असतात. आणि पॅड भिजू नये म्हणून त्याच्या मागे पत्र्यावर पॉलिथिनचा कागद चिकटवलेला असतो. आमचा कागद स्पीकर बसवताना फाटला होता, तळाची भोकं पानांनी बुजली होती. बेळगावचा पाऊस तुम्हाला माहीत आहे. पंधरा पावसाळे ते पाणी दारात साचलं, हार्डबोर्डनं प्यालं, हार्डबोर्ड फुगला, क्लिपांच्या खाचा फाटल्या, पॅड लोंबलं. मी सगळा दोष गाडीच्या वयाला देत होतो.

पत्र्याचं काम मात्र वाटलं तेवढं निघालं नाही. डेंटिंगवाल्यानं खालची चार बोटं पट्टी कापून नवी जोडली, रेड ऑक्साइड मारला, दीड दिवसात दार परत. मेहुण्याला फोन करायचा राहिला.

जुनं पॅड कामाचं नव्हतं. नवं कापायचं ठरलं, आणि इथे मामा खरे जागे झाले. तीन मिलिमीटरचा हार्डबोर्ड आणला. माप घ्यायला मी त्यांच्या पेटीतली लोखंडी मोजपट्टी उचलली, तर "अल्ल! अल्ल!" म्हणून ओरडले, हातातून पट्टी ओढून घेतली. मला कळेना काय झालं. मग त्यांनी ती पट्टी आणि लेकीच्या कंपासमधली प्लॅस्टिकची पट्टी शेजारी शेजारी ठेवल्या. दोन्हींचे सेंटिमीटर जुळत नव्हते! बीड ओतल्यावर थंड होताना आकसतं, मीटरमागे साधारण दहा मिलिमीटर. म्हणून पॅटर्नमेकरची मोजपट्टी मुळातच तेवढी मोठी केलेली असते, साचा आपोआप मोठा व्हावा म्हणून. त्या पट्टीनं कापलं असतं तर आमचं पॅड दाराच्या बाहेर आलं असतं. हातभर कामाचं हे ज्ञान, आणि मी या माणसाबरोबर सतरा वर्षं क्रिकेट आणि राजकारण बोललो.

शेवटी मापच घेतलं नाही. जुनं पॅड नव्या बोर्डावर ठेवून, दोन्हींना शिकंजा लावून पेन्सिल फिरवली. खालची कड फुगून वाकडी झाली होती, तिथे त्यांनी माझ्या हाताला धरून रेघ सरळ करून घेतली. क्लिपांच्या खाचा त्यांच्या बारीक करवतीनं कापल्या. अकराला दुपार गेली. मला वाटलं आता रेक्झिन चिकटवायचं. नाही. पेटीतून चपड्याची पुडी निघाली. स्पिरिटमध्ये चपडा विरघळवून कडांना आणि खाचांना दोन हात दिले. फाउंड्रीतली वाळू ओली असते, तिच्यात लाकडी साचा फुगू नये म्हणून साच्याला हेच पॉलिश करायचे. हे मला मामांनी नाही सांगितलं, त्यांच्याबरोबर काम केलेले एक गृहस्थ संध्याकाळी भेटायला आले, त्यांनी सांगितलं. ते मामांशी मराठीत भरभर बोलत होते. मामा गप्प होते. मग मीच माझ्या मोडक्या कन्नडात मामांना विचारलं, चहा सांगू का. गृहस्थांनी माझ्याकडे पाहिलं आणि मग तेही कन्नडात वळले.

नव्या क्लिपांचा घोळ वेगळाच. स्पेअर पार्टच्या दुकानात मी 'ओम्नीच्या डोअर पॅडच्या क्लिपा' म्हणून मागितल्या. दुकानदारानं पंचवीसची पुडी दिली. घरी येऊन पाहिलं तर एकही भोकात जाईना. जोर केला तर पंख दुमडून मोडला. मामांनी व्हर्नियर मागवला. डाव्या हातानं, अंगठ्यानं जबडा सरकवत त्यांनी दाराचं भोक मापलं. वाचलं त्यांना, ते चेहऱ्यावर दिसत होतं. पण आकडा तोंडातून येईना. हे त्यांचं झटक्यापासून असं आहे. सुटा आकडा सापडत नाही, तो शोधायला एकापासून चालत जावं लागतं. त्यांनी डोळे मिटले आणि सुरुवात केली, "ओंदु, एरडु, मूरु, नाल्कु, ऐदु, आरु, एळु." एळुवर थांबले आणि बोट माझ्या छातीवर टेकवलं. सात.

दुकानात परत जाऊन मी सात मिलिमीटरच्या भोकाची क्लिप मागितली. दुकानदार म्हणाला, "असं मापानं सांगितलं तर बरं पडतंय की, सर. नाव काय, दहा गाड्यांना एकच नाव." म्हणजे गाडीचं नाव सांगू नका. भोकाचं माप आणि जमल्यास जुनी क्लिप घेऊन जा.

नव्या क्लिपा मामांनी लगेच लावू दिल्या नाहीत. "बिसिनीर" म्हणाले. मी आंघोळीचं पाणी समजलो. त्यांना तांब्याभर गरम पाणी हवं होतं, क्लिपा बुडवून ठेवायला. मला ही जुन्या माणसाची लहर वाटली. नंतर कॉलेजात रसायनशास्त्राच्या सरांना विचारलं. ते म्हणाले, नायलॉन असेल तर बरोबर आहे. नायलॉन हवेतली ओल पितं, कोरडं पडलं की ठिसूळ होतं आणि पाणी प्यालं की चिवट. म्हणजे जे पाणी हार्डबोर्डला मारतं, ते क्लिपेला वाचवतं.

बसवायचा क्रम असा होता. आधी पॉलिथिनचा नवा कागद, काळ्या चिकट पट्टीनं चारी बाजूंनी. त्याची खालची कड दाराच्या पोटात खोचायची, म्हणजे कागदावरून ओघळलेलं पाणी दारात पडून तळाच्या भोकांतून जाईल, पॅडवर येणार नाही. मग पॅडच्या खाचांत क्लिपा सरकवून सगळ्या आपापल्या भोकासमोर आल्यात का पाहायचं. घाई इथेच होते. एक क्लिप तिरकी असताना दाबली की ती मोडते आणि पॅड पुन्हा उतरवावं लागतं. मी एकदा उतरवलं. हातोडी अजिबात नाही. तळहातानं, नेमकं क्लिपेच्या वर, दाबायचं. 'टक्' असा आवाज येतो. तो मोडण्याच्या आवाजाच्या इतका जवळचा असतो, की पहिल्या दोन-तीन वेळा छातीत धस्स होतं.

मामा शेजारी खुर्चीवर बसून मोजत होते. प्रत्येक टक्ला एक आकडा. सातानंतर त्यांना मध्येच थांबून पुन्हा ओंदुपासून यावं लागलं. मी हात तसाच ठेवून थांबलो. ही कणकेच्या हातानं दारात येऊन उभी राहिली होती. "एंटु," मामा म्हणाले आणि मी आठवी दाबली. ओंबत्तु. हत्तु. अकरावीला त्यांनी मला थांबवलं, काठी बाजूला ठेवली आणि स्वतःचा डावा तळहात पॅडवर ठेवला. जोर पुरला नाही. मी माझा हात त्यांच्या हातावर ठेवला.

"हन्नोंदु," मी म्हणालो.

"आतु," मामा म्हणाले.

रात्री मी हिला गुंडीबद्दल विचारलं. ती म्हणाली, कन्नडात गुंडी म्हणजे बटण, आणि गुंडी म्हणजे खड्डासुद्धा. रस्त्यातली पण गुंडीच. दोन्हीला एकच शब्द कसा पुरतो, मी विचारलं. "पुरतो," ती म्हणाली. "कुठली म्हणायची ते समोर दिसतं की."

जूनच्या पहिल्या आठवड्यात गाडी आरटीओत नेली. मामा मधल्या सीटवर. सरकतं दार आणि जमिनीलगतचं पायठाण यामुळे त्यांना तिथे सहज चढता येतं. मेहुण्याच्या नव्या उंच गाडीत त्यांना दोघांनी उचलून ठेवावं लागतं, हे नंतर त्यालाही पटलं. इन्स्पेक्टरनी दिवे पाहिले, हॉर्न वाजवला, टायर पाहिले, चासी नंबरवर पेन्सिल घासलेला कागद ताडून पाहिला. दाराला कुणी हातही लावला नाही. नोंदणी २०२९ पर्यंत वाढली.

मामांचं मराठी अजून आलेलं नाही. मला ते 'अळियार' म्हणतात. माझं कन्नड सुधारलं, पण ते सगळं नामांचं आहे: वर, खाली, मान, पाणी, गुंडी, आणि बारापर्यंत आकडे. क्रियापदांना अजून हीच लागते. कुणाशी जावई म्हणून दोन वाक्यं नीट बोलावी इतकं ते नाही, गाडीपुरतं आहे.

आरटीओतून परत येताना मामांनी मागून माझ्या खांद्यावर टकटक केलं. मी आरशात पाहिलं. त्यांनी सरकत्या दाराच्या पॅडची खालची कड बोटानं उचलून धरली होती. तिथे दोन गुंड्या गेलेल्या होत्या.

"इदु?" ते म्हणाले.

बाहेर गोवावेसकडून ढग भरून येत होते. मी म्हणालो, "नाळे." ते बरोबर कळलं असावं, कारण त्यांनी कड सोडून दिली.